घरचा रेडिओ काढाच, पण नुसती हिट गाणी वाजवायला नको

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

मागच्या काही महिन्यांत ओळखीतल्या दोघा-तिघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. "घरी जुना लॅपटॉप पडून आहे, फायबरचं कनेक्शन आलं आहे, बाबांच्या पेटीभर कॅसेट आहेत. जुन्या गाण्यांचा इंटरनेट रेडिओ काढू का?" विचारणारे कोणी मोठे उद्योजक नाहीत. कोणी निवृत्त मास्तर, कोणी दुकानदार. आणि त्यांच्या घरच्यांचा प्रश्न त्याहून सरळ : "कायले पाहिजे आता रेडिओ? मोबाईलवर सगळंच तर आहे!"

दोन्ही प्रश्नांना मिळून माझं उत्तर हे की रेडिओ काढाच. पण मोबाईलवर जे आहे तेच परत वाजवणार असाल तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे, कष्ट घेऊ नका. घरचा रेडिओ काढायचा तो मोबाईलवर जे नाही त्यासाठी. आणि असा रेडिओ काढणाऱ्या माणसाला आज कायद्यात उभं राहायला जागा नाही, ती मिळावी म्हणून आपण बोललं पाहिजे. ही पोस्ट त्यासाठीच आहे.

आधी सोपा भाग, म्हणजे यंत्राचा. लोकांना वाटतं रेडिओ म्हणजे मनोरा, स्टुडिओ, लाखोंचं काम. इंटरनेट रेडिओला यातलं काहीच लागत नाही. लॅपटॉपवर गाणी एकामागून एक लावणारं सॉफ्टवेअर लागतं, 'मिक्स' नावाचं आहे. तो आवाज आकसून पुढे पाठवायला 'बट' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. आणि ऐकणाऱ्यांपर्यंत तो वाटून द्यायला सर्व्हरवर 'आइसकास्ट' चालतं. तिन्ही फुकट. वर एक बरा माइक आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर.

हिशोबही करून ठेवा. ६४ केबीपीएसवर आवाज सोडला तर ऐकणाऱ्याचा तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. रोज तीन तास ऐकलं तरी ९० एमबीच्या आतच. दिवसाला दीड जीबीचा पॅक असणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण तुमच्या बाजूने गणित वेगळं आहे. आकाशवाणीच्या मनोऱ्याला दहा जण ऐकोत की दहा लाख, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळी धार सोडावी लागते. ५० जण एकाच वेळी ऐकत असतील तर ५० गुणिले ६४, म्हणजे ३.२ एमबीपीएस अपलोड. घरच्या फायबरवर निघून जातं. पाचशे झाले की भाड्याचा सर्व्हर पाहावा लागतो. म्हणजे असा रेडिओ गल्लीचा, गावाचा, फार तर तालुक्याचा. ही त्याची मर्यादा आहे आणि माझ्या मते हाच त्याचा गुण आहे.

आता "मोबाईलवर सगळंच आहे" या म्हणण्याकडे येतो.

सगळं नाही. मोबाईलवर आहेत ती ज्यांच्यामागे कंपनी उभी आहे अशी गाणी. आणि तीही अशी येतात की तुम्ही काल जे ऐकलं त्याच्यासारखंच आज समोर येतं. दोन महिन्यांत माणूस त्याच चाळीस गाण्यांच्या रिंगणात फिरत राहतो. रेडिओत दुसऱ्याने निवडलेलं ऐकावं लागतं, मागितलं नव्हतं ते कानावर पडतं. मधे कोणी तरी सांगतं की हे गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, पेटी कोण वाजवतं आहे. गाण्यासोबत माणूस येतो. आमच्या पिढीचे कान रेडिओने घडवले ते असे.

हे कान घडवण्याचं काम कोणी केलं त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. ५८५ किलोहर्ट्झवर मध्यम लहरींत ते वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात, शेतातल्या मांडवापर्यंत पोचायचं. पण १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि सिनेसंगीतावर आकाशवाणीत गंडांतर आलं. हेतू वाईट नव्हता, शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत जावं असं त्यांना वाटत होतं. पण लोकांनी काय केलं? लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ मध्ये सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि देशभर बुधवारची संध्याकाळ त्यांच्या नावे झाली. शेवटी सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

यातला धडा साधा आहे. लोकांना हवा असलेला आवाज तुम्ही दारातून येऊ दिला नाही तर तो खिडकीतून येतो. आणि तोवर आपला श्रोता दुसऱ्याचा झालेला असतो. तेव्हा तो सिलोनचा झाला. आज तो अमेरिकेतल्या कंपन्यांच्या ॲपचा झाला आहे.

नागपूरशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगतो. १९८८ मध्ये आकाशवाणीने रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी काढली. तिचं मोठं प्रक्षेपण नागपूरच्या हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून व्हायचं. रात्री देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू जाणारा आवाज आपल्या शेजारून निघत होता. डिसेंबर २०१८ मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा आदेश निघाला. मध्यम लहरींचे जुने ट्रान्समीटरही देशभर एकेक करून बंद होत आहेत. आकाशवाणी आता मोबाईलच्या ॲपवर ऐकता येते, ते चांगलंच आहे. पण ॲपवर गेल्यावर आकाशवाणी आणि तुमच्या घरचा रेडिओ एकाच रस्त्यावर उभे राहतात. फरक एवढाच की एकाला परवानगी आहे आणि दुसऱ्याला ती मागायची कुठे हेच ठरलेलं नाही.

वर्ध्याच्या माणसाला घरगुती रेडिओ ही कल्पना नवीन वाटायला नको, हेही सांगितलं पाहिजे. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात झाली आणि १४ जुलैला इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव इथे मंजूर झाला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मग मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. जेमतेम तीन महिने. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी धाड घातली. १६ ऑगस्टला आपल्या आष्टीत जे घडलं आणि नंतर आष्टी-चिमूरच्या लोकांवर जे अत्याचार झाले, त्याची हकीकत या रेडिओने सांगितल्याचं उषाताईंनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. आपल्या जिल्ह्याची बातमी सरकारी रेडिओ सांगत नव्हता तेव्हा ती घरगुती रेडिओने सांगितली.

जुनी गाणी लावणारा आजचा रेडिओ म्हणजे काही क्रांती नव्हे, तुलना ताणत नाही. पण मुद्दा तोच आहे. लहरींवर हक्क कोणाचा? सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात म्हटलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी २००६ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाचं घरगुती एफएम बंद करण्यात आलं. किरकोळ पैशांत बनवलेल्या ट्रान्समीटरवर तो गाणी लावायचा, गावाच्या उपयोगाची माहिती द्यायचा. लोक ऐकत होते, पण त्याच्याकडे परवाना नव्हता. आणि एकट्या माणसाला तो मिळण्याची सोयच नव्हती.

ती सोय अजूनही नाही. सामुदायिक रेडिओचं धोरण २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आलं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. त्यातून चांगली कामं उभी राहिली. साताऱ्यातल्या म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' तिथल्याच बायकांचे, लोककलावंतांचे आवाज माणदेशाला ऐकवते. पण त्यासाठी नोंदणी झालेली, काही वर्षं काम केलेली संस्था लागते. निवृत्त मास्तराने एकट्याने अर्ज करायची तिथे सोय नाही. दुसऱ्या बाजूला खासगी एफएम. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत वर्ध्याचंही नाव आहे. पण लिलावात बोली कोण लावणार? मास्तर तर नाही.

म्हणून माणूस इंटरनेटकडे वळतो. इथे लहर लागत नाही, लिलाव नाही. आणि इथेच तो कॉपीराइटच्या जाळ्यात अडकतो. हा भाग नीट वाचा, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत.

पहिला गैरसमज : "जुनं गाणं आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही." आपल्या कायद्यात एका गाण्यावर तीन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. शब्दांचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९६० ची गदिमा-बाबूजींची एखादी तबकडी घ्या. तिचं ध्वनिमुद्रण २०२० अखेर मोकळं झालं. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, चाल २०६२ अखेरपर्यंत. आपल्याच भागातलं उदाहरण घ्यायचं तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांचे शब्द या हिशोबाने २०२८ अखेर सगळ्यांचे होतील. तोवर विचारून वाजवावं.

दुसरा गैरसमज : "मी पैसे कमवत नाही, मग काय बिघडतं?" कायदा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतो. पैसे कमावले नाहीत तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच.

तिसरा गैरसमज जरा शहाण्या माणसांचा : "आकाशवाणी, एफएमवाले ठरलेली रक्कम भरून वाजवतात, मीही भरीन." इथेच खरी अडचण आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात ३१-ड हे कलम आलं. त्यानुसार प्रसारण करणाऱ्याने नोटीस द्यायची, ठरवून दिलेला मोबदला भरायचा आणि गाणी वाजवायची, मालकाला नाही म्हणता येत नाही. पण टिप्स कंपनी आणि एअरटेलच्या विंक ॲपच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतं आहे, इंटरनेटला लागू नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं.

निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. समोर एक बडी कंपनी होती, गाणी डाउनलोड करू देत होती, आणि गाणी बनवणाऱ्यांना आपला भाव मागायचा हक्क आहेच. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोबदल्यातला वाटा सोडून देता येणार नाही अशी सोय केली. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत भांडण मांडलं होतं. ज्यांच्या शब्दांवर आपण वाढलो त्यांच्या घरी पैसे गेलेच पाहिजेत. त्यात फुकटेपणा नको.

पण दोन बड्यांच्या भांडणात पन्नास श्रोत्यांचा मास्तर चेंगरला. शब्द आणि चालीसाठी तो १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे जाऊ शकतो. ध्वनिमुद्रणासाठी त्याला ज्या त्या मालकाशी वेगळं बोलावं लागतं. आर्वीतून कोणी मुंबईच्या कंपनीला मेल केला की "माझ्या रेडिओला चाळीस जण ऐकतात, वर्षाला किती भरू", तर उत्तर तरी येईल का? पैसे भरायला तयार माणूस रांगेत उभा आहे आणि समोर खिडकीच नाही. मग तो एक तर चोरून वाजवतो नाही तर बंद करतो. दोन्हीत गीतकाराला दमडी मिळत नाही.

बाहेर यावर उपाय शोधले गेले. अमेरिकेत इंटरनेट रेडिओला कायद्याने ठरवलेला परवाना मिळतो, ध्वनिमुद्रणाचे पैसे एकाच संस्थेकडे भरायचे. मात्र तिथलाही इशारा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लहान रेडिओंना असलेली सवलत २०१५ अखेर संपली, दर परवडेनासे झाले आणि हजारो हौशी रेडिओ जिच्या आधारावर चालत होते ती 'लाइव्ह ३६५' ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली. पुढे नव्या मालकाने ती परत सुरू केली, पण मधल्या काळात किती तरी आवाज गेले ते गेलेच. म्हणजे नुसता परवाना पुरत नाही, लहानाला परवडेल असा दर लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाजवायचं काय?

"जुनी गाणी" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेली यादी येते. सत्तरच्या आधीची हिंदी सिनेगीतं, मराठी भावगीतं, थोडी नाट्यगीतं. सुंदरच आहेत, माझीही आवडती आहेत. पण ही आठवण कोणाची? ज्यांच्या घरी रेडिओ होता, रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांची. जिल्ह्यातल्या बाकी घरांत त्याच काळात दुसरं काही वाजत होतं. त्याची यादी कोणी करत नाही.

खंजिरीवरची भजनं होती. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं होती, रोज सामुदायिक प्रार्थना होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर गावागावांत भीमगीतांचे गायक उभे राहिले. वामनदादा कर्डकांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्यांच्यामागे वस्तीवस्तीतले किती गायक-शाहीर होते त्यांची नावं कुठे आहेत? गिरडच्या दर्ग्यावर कव्वाली होती. घोराडला केजाजी महाराजांच्या मंदिरात दिंड्या उतरत होत्या. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जात होत्या, चिमटे काढत, सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत कोणालाही न सोडता. सिंदीच्या तान्ह्या पोळ्याला वाजंत्री होती. कोजागिरीच्या दिवसांत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरत होत्या. आणि पहाटे जात्यावर ओव्या होत्याच.

यातलं बरंचसं ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेप रेकॉर्डरवर कोणी ना कोणी भरून ठेवलं. गावच्या सप्ताहात, लग्नात, जयंतीच्या कार्यक्रमात. त्या कॅसेटवर कंपनीचं लेबल नाही, निळ्या शाईने लिहिलेलं गावाचं नाव आणि साल आहे. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. आणि त्या आज माळ्यावर, टिनाच्या छपराखाली पडून आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली किती होत असेल ते तुम्हीच सांगा. कॅसेटची फीत काही दगडावरचा लेख नाही. उष्णतेने ताणते, दमटपणात बुरशी धरते, आवाज एकेका उन्हाळ्यात उतरत जातो.

लता मंगेशकरांचं गाणं तुमच्या रेडिओवाचून मरणार नाही. पण तुमच्या गावच्या भजनीबुवांचा आवाज मरेल.

हे काम होऊ शकतं याचे दाखले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या बाजूच्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आकडा एक लाखाच्या वर गेला. आज 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता-वाचता येतात, ओवी म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट. जुन्या तबकड्यांसाठी मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काम करते आहे. सरकारी योजनेची वाट पाहत हे लोक बसले नाहीत.

मग आपला घरचा रेडिओ असा चालवता येईल. कॅसेट लावण्याआधी प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसायचं. कॅसेट एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून सैल करायची. मग संगणकावर 'ऑडॅसिटी'त भरून घ्यायची आणि मूळ प्रत तशीच ठेवायची, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून. गाणाऱ्याचं, पेटी-ढोलकीवाल्याचं, गावाचं नाव आणि साल विचारून लिहायचं. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटं लागतात, त्याला शॉर्टकट नाही. म्हणून हे एकट्याचं काम नव्हे, कॉलेजच्या पोरांना सोबत घ्या.

आणि विचारल्याशिवाय वाजवायचं नाही. इथेही हक्क असतो. ओवी कोणाच्या मालकीची नसली तरी ती म्हणणाऱ्या कलाकाराला कायद्याने ५० वर्षांचा हक्क दिला आहे. त्यामुळे गायकाकडून, तो नसेल तर घरच्यांकडून एका कागदावर मराठीत लिहून सही घ्यायची. यात कंपनीला मेल नाही, वकील नाही. चुलीपुढे बसून चहा घेता घेता मिळणारी परवानगी आहे ही. कंपनीची गाणी वाजवायला तुम्हाला खिडकी नाही, पण या गाण्यांचं दार तुमच्याच गल्लीत आहे.

यावर कोणी म्हणेल, असं कोण ऐकेल बाप्पा? पन्नास जण ऐकतील. पुण्यात नोकरी करणारा सेलूचा पोरगा ऐकेल. दुबईत असलेला पुलगावचा माणूस ऐकेल, त्याला घरचा आवाज दुसरीकडे कुठे मिळणार नाही. जिच्या वडिलांचा आवाज चाळीस वर्षांनी ऐकू आला ती लेक ऐकेल. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती. तेरा लाखांत पन्नास कान मिळत नसतील तर मग रेडिओचा नाही, आपलाच प्रश्न आहे.

शेवटी स्पष्ट मागण्या.

केंद्र सरकारकडे : कॉपीराइट कायद्यात विनानफा, छोट्या इंटरनेट रेडिओसाठी वेगळा वर्ग करा. एकाच वेळी ऐकणाऱ्यांची मर्यादा घाला, डाउनलोड आणि मागेल ते गाणं देण्याला मनाई करा, आणि वर्षाला परवडेल अशी एकच रक्कम एकाच ठिकाणी भरायची सोय करा. गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा मालक, तिघांना त्यातून वाटा जाऊ द्या. खासदारांना भेटायला जाणाऱ्या शिष्टमंडळांनी रस्ता-पाण्यासोबत हा एक कागदही द्यावा.

लिलावातून वर्ध्यात एफएम येईल तेव्हा येणाऱ्यांकडे : मुंबईत ठरलेली गाणी इथे फिरवू नका. दिवसातला एक तास तरी जिल्ह्याच्या आवाजाला द्या.

जिल्ह्यातल्या संस्थांकडे : इथे केंद्रीय विद्यापीठ आहे, १९३६ पासूनची राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, महाविद्यालयं आहेत. संगणकावर भरलेल्या कॅसेटची एक प्रत सांभाळायला एक कपाट आणि एक हार्ड डिस्क द्या. घरचा रेडिओ माणसासोबत संपतो, प्रत संस्थेत असली तर राहते.

आणि आपल्या सगळ्यांकडे : येत्या उन्हाळ्याआधी माळा उघडा. हाताने नाव लिहिलेली एकही कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर कोणाचा आवाज आहे हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि लिहून ठेवा, कारण ते सांगू शकणारा माणूसही त्या कॅसेटइतकाच जुना झाला आहे.

पोस्ट पटली तर तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. आणि कोणाच्या घरी कोणत्या सालची कोणती कॅसेट आहे ते खाली जरूर लिहा. यादी तर इथूनच सुरू करू.